समोर सारखी आशाची पाठ

१२ जून १९९९

ही डायरी १९९६ ची आहे. कुठल्याशा कारखान्याने दिवाळीला वाटलेली, आमच्या सायकलिंगच्या धनराज सरांच्या कपाटात तीन वर्षं तशीच पडून होती. छापलेला वार खोटा, तारीख खरी, तिथी तर बघूच नये. सरांनी मला दोन वह्या दिल्या. एकीत रोजचे किलोमीटर, झोप आणि सकाळची नाडी लिहायची, ती ते दर आठवड्याला बघणार. दुसरी ही. हिच्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "तुझ्या डोक्यात जे भटकत असतं ते हिच्यात सोडत जा. म्हणजे ते माझ्या रस्त्यावर येणार नाही."

तर मी भागुबाई मंगळू भोये. नाव आजीचं, वय एकोणीस, गाव हरसूलच्या पुढे डोंगरात. नववीत शाळा सुटली. त्यानंतर द्राक्षाच्या शेडमध्ये पेट्या भरल्या, नाशिक रोडला एसटीडी बूथवर बसले, एका आश्रमशाळेत भाकऱ्या थापल्या. तीन महिन्यांवर कुठे टिकले नाही. एका जागी बसलं की माझे पाय शिवशिवतात.

गेल्या उन्हाळ्यात मामाची जेन्ट्स ॲटलस घेऊन करवंदं विकायला त्र्यंबकला गेले होते. रस्त्याने रंगीत कपड्यांतल्या पोरी सायकलींवरून भर्रकन गेल्या. यांना कसली एवढी घाई, बघू तरी, म्हणून कॅरिअरवरच्या पाटीसकट मागे लागले. सातपूरला त्या थांबल्या तेव्हा मी मागे होतेच. धनराज सर घड्याळाकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. सगळ्यांत मोठी पोरगी पाटीत डोकावून म्हणाली, "निम्मी तर सांडून आलीस. उरलेली कशी दिली?"

ती आशा. देवळ्याची, कांदेवाल्यांच्या घरची, तीन वेळा राज्यात पहिली. तेव्हापासून ती मला करवंदे म्हणते. सातपूरला तिसऱ्या मजल्यावर सरांनी आम्हाला खोली घेऊन दिलीय. आणखी दोघी आहेत, कॉलेजच्या. त्या वेळेवर झोपतात, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२ जुलै

आज पडले. पण चूक सगळी माझी नाही, फार तर अर्धी.

सरांनी ट्रॅकची सायकल आणली. अंबडला एमआयडीसीत नवा रस्ता झालाय, कारखाने अजून यायचेत, तिथे आम्हाला नेलं. सर म्हणाले, "हिला ब्रेक नाही. फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. पाय थांबवायचे नाहीत. काय सांगितलं, भागू?"

"पाय थांबवायचे नाहीत."

"परत सांग."

"पाय थांबवायचे नाहीत, सर."

दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीला समोरून हातगाडी आली. तिच्यावर आरशाचं कपाट बांधलेलं. आरशात आभाळ, विजेचे खांब आणि मधून एक पोरगी येत होती, पिवळ्या हेल्मेटची. काय चालवत होती! नीट बघावं म्हणून मी पाय थांबवले. सायकलने चाक थांबवलं नाही. मी हँडलवरून पुढे, कोपर सोलवटलं, हातगाडीवाला पळाला.

आशा हसून हसून रस्त्यावरच बसली. मग पिशवीतून टिंक्चर काढलं. तिच्या पिशवीत टिंक्चर, बाम, क्रेप बँडेज असं सगळं असतं. स्वतः कधी पडत नाही, तरी बामाची बाटली निम्मी संपलेली. कुणाकुणाला लावत बसते कोण जाणे.

१९ ऑगस्ट

चार दिवस इथे नव्हते. सरांनी एकटीला गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायला सांगितलं होतं. धरणापाशी बघितलं तर सगळे ढग आमच्या डोंगराकडे निघालेले. त्यांच्या मागे थोडं जावं म्हटलं. थोडं थोडं करत हरसूल आलं. बाजाराचा दिवस होता. तिथे एक माणूस बांबूची पिसवी विकत होता, म्हणजे बासरीच, पण जाड. ती वाजवून बघण्यात दुपार गेली. मग घरीच गेले. आय नागलीच्या आवणात, लावणीच्या चिखलात होती. मला बघून म्हणाली, "आलीस ती आलीस, आता वाकून हात लाव. नुसती हुबी नको राहूस." तीन दिवस लावणी केली. सायकल आमच्या ओट्यावर उभी, गावातली पोरं तिची घंटी शोधत होती.

काल परत आले ते घाबरतच. सर म्हणाले, "ताप उतरला का?"

मी म्हणाले, "कसला..." तेवढ्यात मागे आशाला खोकला आला. पावसात तिला होतो तसा.

"उतरला, सर."

सरांचा काहीतरी गैरसमज झाला असावा. नशीब माझं. आज मात्र आशाने मला शंभर किलोमीटर पिदडलं. म्हणे तापाने अंग जड होतं, मोकळं झालेलं बरं.

७ ऑक्टोबर

आज सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, म्हणून नीट लिहून ठेवते.

राष्ट्रीय स्पर्धा यंदा नाशकातच. जानेवारीत, पेठ रोडला. सावळघाट उतरायचा, करंजाळीला वळायचं, घाट चढून परत. ऐंशी किलोमीटर. रेल्वेत यंदा सायकलवाल्या मुलींची एकच जागा आहे. पहिल्या तिघींत यायला हवं आणि वय पंचविसाच्या आत हवं. आशाला मार्चमध्ये पंचवीस पूर्ण होतात. म्हणजे तिला हीच एक संधी. नाही आली तर देवळ्याला परत, कांदा साठवायच्या चाळीत.

"म्हणून आशा लीडर," सर म्हणाले. "बाकीच्या तिघींनी तिच्यासाठी वारा खायचा."

वारा खायचा म्हणजे असं: पुढचीच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चालवलं की वारा तिला लागतो, मागचीला लागत नाही. मागचीचं तिसरा हिस्सा बळ वाचतं. याला चाक धरणं म्हणतात. लीडरने शेवटपर्यंत चाक धरून मागे बसायचं, बळ राखायचं आणि शेवटच्या तीनशे मीटरला बाहेर पडायचं. बाकीच्यांनी पुढे मरायचं.

मला पटलं नाही असं नाही. पण घाटात मी आशाच्या पुढे असते हे सरांना दिसत नाही का? मला रेल्वे मिळाली तर आयला द्राक्षाच्या बागांत शेंडे खुडायला जावं लागणार नाही. आशा खाली बघून गुडघा चोळत होती.

१४ नोव्हेंबर

आशाचं काय चाललंय कळत नाही. लीडरने मागे बसायचं ना? सराव त्याचाच करायचा ना? पण सर मोटरसायकलवरून जरा लांब गेले की ही माझ्या पुढे येते. वारा डावीकडून असेल तर डावीकडे, उजवीकडून असेल तर उजवीकडे, बरोबर मध्ये. आडगावपासून पिंपळगावपर्यंत मला समोर फक्त तिची पाठ. निळी जर्सी, पाठीवर केळी ठेवायचे तीन खिसे, त्यातला एक फाटलेला. तिला पुढे मिरवायची हौस असेल, पण मला रस्ता बघायचा असतो. आज उसाच्या ट्रकवर एक वानर बसलं होतं म्हणे. कॉलेजच्या दोघींनी बघितलं. मी नाही.

शेवटी ओरडलेच, "सरक ना आशाताई! पुढचं काही दिसत नाही!"

"दिसायचं काय शे पुढे?" ती मागे न बघता म्हणाली. "वारा."

रागावली किंवा अगदी खूश झाली की ती देवळ्याचं बोलते. यातलं काय होतं ते पाठीवरून समजत नाही.

आणि एक गंमत. आशा जिना उतरते ती नवरीसारखी. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसरी पायरी. चढताना बरी चढते. मी कठड्यावरून घसरत खाली जाते आणि दोन मिनिटं तिची वाट बघते. आज म्हटलं, "ताई, वरातीला उशीर होतोय."

"तुझी निघेल तेव्हा मी पळत येईन," म्हणाली.

२६ डिसेंबर

आज सावळघाटात वेळ लावून चढलो. सर अजून यायचे होते, म्हणून पायथ्याशी आशाने तिचं घड्याळ मला दिलं. मी सगळ्यांत आधी वर. झाडाखाली बसले. तिथे एक म्हातारा मोहाची पानं शिवत होता, त्याच्या पत्रावळीला किती पानं लागतात ते मोजलं. मग आशा आली.

"किती मागे होते मी?"

"दोन मिनिटं दहा सेकंद."

कांद्याला भाव आल्यासारखी हसली. मग म्हणाली, "सरांना पन्नास सेकंद सांग."

"खोटं का सांगू?"

"सांग म्हणते ना."

लाज वाटत असेल. तीन वेळची चॅम्पियन आणि एका करवंदेवालीच्या मागे दोन मिनिटं. मी पन्नास सेकंद सांगितले. आपण कशाला कुणाला उघडं पाडा.

घरी आल्यावर तिने स्वतःची हलकी चाकं काढून माझ्या सायकलला बसवली. म्हणाली, "मला ही चालत नाहीत, रस्त्यावर उडतात." चांगली चाकं आहेत. हिला काय झालंय?

१६ जानेवारी २०००

लिहिते. सगळं लिहिते, एकही वळण सोडत नाही.

अडतीस जणी सुटलो. सकाळी एवढी थंडी की ब्रेकवरची बोटं माझी वाटत नव्हती. जाताना सगळं सरांनी सांगितलं तसं. कॉलेजच्या दोघी आणि मी आळीपाळीने पुढे, आशा मागे. घाट उतरताना मी तर हवेतच होते.

करंजाळीला रस्त्याच्या मध्ये पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालून परत फिरायचं. पोलिसांनी गाड्या कडेला थांबवल्या होत्या. त्यात एक जीप, आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर बोचकी आणि बायका. हरसूलकडची माणसं बागांच्या कामाला निघालेली. मी वळले आणि बघितलं तर टपावर, बोचक्याला टेकून, आय.

माझे पाय थांबले.

"आयऽऽ!"

तिने डोळ्यांवर हात धरला. आधी तिने मला ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि टपावर गुडघ्यावर उभी राहिली. "भागे! अगं त्या पोरी गेल्या ना पुढं! बघतीस काय हिकडं, जा की!" सगळी जीप ओरडायला लागली. "जाऽऽ! भागीऽऽ!" ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

समोर बघते तर पाच जणी सुटून गेलेल्या. पंजाबच्या दोघी, मणिपूरची एक, आणखी दोघी. बाकीचा घोळका पांगलेला, कॉलेजच्या दोघी कुठेच नाहीत. पण आशा होती! रस्त्याच्या कडेने अगदी सावकाश चालवत होती. म्हणजे तीही मागेच पडली होती. नशीब माझं, नाहीतर एवढं अंतर एकटीला वाऱ्यात तोडावं लागलं असतं.

"झालं दर्शन?"

"आय होती माझी."

"देखी मी. चाक धर."

"पण ताई, लीडर तू आहेस. मी पुढे..."

"चाक धर म्हणते ना, करवंदे!"

धरलं. घाटाच्या पायथ्यापर्यंत समोर फक्त ती निळी पाठ. फाटका खिसा तिने शिवला होता, काळ्या दोऱ्याने. घाटात वाऱ्याचा प्रश्न नसतो, तिथे आपली आपण. मी पुढे निघाले. एकदा वळून बघितलं, आशा सीटवरून उठून सगळा जोर उजव्या पायावर देत होती, डावा नुसता सोबतीला फिरत होता. अशी स्टाईल मी कुणाची बघितली नाही. खालून ओरडली, "मागे काय बघतेस! वर कुणी पत्रावळ्या शिवत नाही आज!"

घाटमाथ्यावर त्या पाच जणी सापडल्या. मी शेपटाला लागले. दोन किलोमीटरनंतर बघते तर शेजारी आशा. कशी आली देवाला माहीत. तोंड पांढरं, ओठांवर मीठ.

तिथून नाशिक पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटर, सपाट, आणि वारा नेमका तोंडावर. सात जणींत पाळ्या लागल्या, प्रत्येकीने थोडा वेळ पुढे राहायचं. पण माझी पाळी आली की आशा बाजूने पुढे जायची. एकदा झालं, मला वाटलं चुकून. पाच-सहा वेळा झालं. मी म्हटलं, "ताई, माझी पाळी आहे."

"तू खाऊन घे."

मी शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. आयच्या जीपचा विचार करत खाल्ला, छान लागला.

नाशिकच्या नाक्याच्या अलीकडे सगळ्या सीटवरून उठल्या. मी आशाच्या चाकाला चिकटलेली. तिची पाठ जोरजोरात हलत होती, इतकी की मला वाटलं आता सायकल मोडते. आणि तीनशे मीटरवर ती एकदम बाजूला झाली. दार उघडावं तसा समोर रस्ता, माणसं, पांढरी रेघ. "जा," एवढंच म्हणाली, ओरडली पण नाही.

मी गेले. पंजाबची एक अर्ध्या चाकाने पुढे. मी दुसरी! भागुबाई मंगळू भोये, दुसरी. लाऊडस्पीकरवाल्याने भाग्यश्री म्हटलं, मी जाऊन दुरुस्त करून घेतलं.

आशा सातवी. सात जणींत सातवी. बिचारी. लाडू तिने खायला हवा होता.

१७ जानेवारी

सकाळपासून सर आशावर ओरडत होते. दार बंद होतं तरी जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. "कधीपासून? जून? आणि मला सांगायला काय झालं होतं?" ती हळू काहीतरी म्हणाली, त्यातलं "घरी धाडलं असतं" एवढंच कळलं. सर म्हणाले, "आणि घाटातले पन्नास सेकंद?" खोटं पकडलं, म्हणून मी दोन पायऱ्या खाली सरकले. पण मला कुणी बोलावलं नाही.

नंतर सर बाहेर आले ते डोळे पुसत. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "तुझं पदक नीट ठेव. हरवशील कुठेतरी बासरी बघताना."

आशा उद्या देवळ्याला जाणार. मी म्हटलं, "ताई, वाईट नको वाटून घेऊ. वयाचा परिणाम असतो थोडा." ती एवढी हसली की तिला कठडा धरावा लागला. "तुले समजाव नही," म्हणाली. मग मला जवळ घेतलं. बामाचा वास येत होता.

९ मे २०००

रेल्वेत रुजू झाले. भुसावळ. टेबलावर एक शिक्का, एक शाईचा पॅड आणि खिडकीतून सगळ्या गाड्या दिसतात. दिवसाला दोनच तास बसायचं, बाकी सायकल. आयला पहिला पगार दिला. तिने नोटा मोजल्या नाहीत, पिशवीचा वास घेतला. म्हणाली, "यंदा बागंला नाय जायची ना मी?"

नाय जायची.

३० नोव्हेंबर २००२

मागच्या महिन्यात पुण्याच्या लाकडी ट्रॅकवर तीन किलोमीटरमध्ये पहिली आले. वळणावर ट्रॅक भिंतीसारखा उभा राहतो, खाली बघितलं तर माणसं तिरपी दिसतात. एक कबुतर आत शिरलं होतं, ते बारा फेऱ्या माझ्या वर होतं. सगळं बघितलं, पण पाय थांबवले नाहीत. सरांना फोन केला. ते म्हणाले, "कबुतराचं मला सांगायची काय गरज होती?"

आशालाही पेपरातला फोटो घालून पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, चार ओळी. मुलगी झाली आहे. कांदा बरा आहे. खोगीर बोटभर मागे घे, फोटोत पाठ वाकलेली दिसते.

१८ एप्रिल २००५

बँकॉकला आशियाई स्पर्धा. रोडला अकरावी. भारतातल्या मुलींत सगळ्यांत पुढे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नदीतल्या बाजारात हरवले, होडीतून भाजी विकतात तिथे, टीमचे लोक तीन तास शोधत होते. असो. अकरावी ही वाईट नाही. पुढच्या वेळी आठच्या आत येईन, हे इथे लिहून ठेवते.

८ डिसेंबर २००७

डायरी अजून तीच, १९९६ ची. पानं उरलीत, मीच कमी लिहिते.

यंदा रेल्वेचं शिबिर नाशकात. लॉज त्र्यंबक रोडला. आमच्या टीमला नवी पोरगी मिळालीय, वेदिका. नाशिकचीच, कॉलेज रोडची, अठरा वर्षांची. हातावर नाडी मोजणारं घड्याळ, खिशात मोबाईल, पाय असे की बघत राहावं. चढाला मी तिच्या मागे पडते. हे कोचला दिसलेलं नाही. कोचच्या कागदावर लीडर मीच आहे.

माझा उजवा गुडघा पावसाळ्यापासून कुरकुरतो. बाम लावते. काही विशेष नाही, अजून दोन वर्षं आरामात.

आज महिरावणीच्या पुढे वारा फार होता. वेदिका नवी आहे, तिला वाऱ्याची बाजू कळत नाही. म्हणून मी तिच्या पुढे राहिले, सारखी. परत आल्यावर ती पाण्याची बाटली आपटून म्हणाली, "सॉरी हं ताई, पण तुम्ही सारख्या मध्येच येता. मला रस्ताच दिसत नाही. आणि लीडर तर तुम्ही आहात ना? मग मागे का नाही बसत?"

मी म्हटलं, "आंघोळ करून घे. जेवायला उशीर होईल."

मग जेवायला खाली निघाले. लॉजच्या जिन्याच्या वळणावर भिंतीला मोठा आरसा आहे. आरशात एक बाई कठडा धरून उतरत होती. एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसरी पायरी.

मी तिथेच थांबले. मागून वेटर ताटं घेऊन आला, "मॅडम, जरा बाजूला" म्हणाला, तेव्हा सरकले.

खोलीत येऊन मागची पानं चाळली. १४ नोव्हेंबर वाचलं. २६ डिसेंबर वाचलं. १६ जानेवारी दोनदा वाचलं.

लाडू मी खाल्ला होता.

९ डिसेंबर २००७

सुट्टी होती. पहाटे निघाले, कुणाला सांगितलं नाही. वेदिकाला चिठ्ठी ठेवली, कोचने विचारलं तर मला ताप आहे म्हणून सांग.

पिंपळगावपर्यंत द्राक्षाच्या बागा, मग सोग्रस फाटा, मग भावडबारी. रस्त्यात बघण्यासारखं पुष्कळ होतं. एका ठिकाणी तर उंट चालले होते, दहा-बारा. थांबले नाही.

देवळ्यात आशाची चाळ शोधायला वेळ लागला नाही, कांद्याचा वास आला तिकडे वळले. ती बायकांबरोबर कांदा निवडत बसली होती. जाड झालीय, चष्मा लागलाय. मला बघून उठली नाही, नुसती वरून खालपर्यंत सायकल बघितली.

"खोगीर अजून पुढेच आहे तुझं."

"ताई, सायकल आहे का घरात?"

"पोरीची शे. बास्केटवाली." चष्म्यातून बघत राहिली. "काय झालं गं?"

"काही नाही. भावडबारीपर्यंत जाऊन येऊ."

"या गुडघ्याने?"

"सपाटच आहे. घाटाच्या अलीकडून फिरू."

बाकीच्या बायका हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "जाय वं आशा, कांदा काय पळी जास नही." आशाने पदर खोचला. सायकलवर बसताना डावा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला. मी मदतीला गेले तर हातावर चापट मारली.

डांबरी रस्त्याला लागलो आणि वारा आला, नेमका तोंडावर. दोन्हीकडे कांद्याची हिरवी पात आडवी होत होती. बास्केटवाली सायकल जड, आशाला धाप लागली होती आणि तरी ती दात काढून हसत होती. मी वेग कमी केला, तिच्या पुढे आले, जरा डावीकडे झाले. वारा डावीकडून जास्त होता.

"चाक धर," मी म्हणाले.

मागे तिची साखळी करकरत होती. मग ती करकर जवळ आली, वीतभर अंतरावर येऊन तिथेच राहिली. एक किलोमीटर. दोन. तिचा श्वास हळूहळू खाली बसत गेला. माझा गुडघा दुखत होता, बामाचा वास मलाच येत होता.

तिसऱ्या किलोमीटरला ती मागून ओरडली, "ए करवंदे! सरक ना जरा! पुढचं काही दिसत नाही!"

मी सरकले नाही.